पासंग

मे महिन्यात नागपूरला पाहुणे बोलावू नयेत, हे मलाही कळतं आणि माझ्या बहिणीलाही. तरी शाळेला सुट्ट्या लागल्या की भाची पुण्याहून येतेच. दिवसभर कूलरसमोर पालथी पडून राहते आणि सहा वाजता ऊन जरा निवलं की "मामा, चला" म्हणून मागे लागते. यंदा ती अकरा वर्षांची झाली. महाराजबाग झाली, फुटाळा झाला, तर्री पोहे तीनदा झाले. मग एका संध्याकाळी दुसरं काही सुचेना म्हणून तिला झिरो माइलला नेलं.

नागपूरकर झिरो माइलला जात नाही, त्याच्या बाजूनं जातो. मीही चाळीस वर्षं ते चार घोडे स्कूटरवरूनच पाहिले. उतरून जवळ गेलो तो पहिल्यांदाच. वालुकाश्माचा उंच खांब, घोडे, आणि बाजूला एक बुटका दगड. 

"मामा, म्हणजे आत्ता आपण भारताच्या बरोब्बर मधोमध उभे आहोत?"

"हो," मी म्हणालो.

इतकं झटकन 'हो' मी आयुष्यात फार कमी प्रश्नांना म्हटलंय. लग्नालासुद्धा आठवडा घेतला होता.

तोवर ती दगडावरचं इंग्रजी वाचायला लागली होती. साल 1907. माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून 1020.171 फूट. ती बोट ठेवून थांबली. "यातला शेवटचा एक म्हणजे केवढा?" मी मनात हिशेब केला. फुटाचा हजारावा भाग, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहूनही जरा कमी. "एवढं बारीक कोणी मोजलं? आणि कुठून मोजलं?" समुद्रापासून, असं मी सांगितलं. ती दर दिवाळीत कोकणात जाते. तिनं माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं. "समुद्र सपाट कुठे असतो?"

नसतोच. किनाऱ्यावरच्या बंदरांत वर्षानुवर्षं भरती-ओहोटी मोजून तिची सरासरी काढतात, आणि जी पातळी कोणत्याही क्षणी समुद्रावर पाहायला मिळत नाही तिला शून्य म्हणतात. त्या शून्यापासून एकेक टप्पा मोजत कोणीतरी या दगडापर्यंत आलं. हे मी तिला सांगितलं, तिला पटलंही. घरी परतताना बेचैन झालो तो मी. उंचीचं सोडा, माझ्या त्या 'हो'चं काय? झिरो माइल हा भारताचा मध्यबिंदू आहे हे मला कसं माहीत होतं?

शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं. रिक्षावाले सांगतात. लग्नात पुण्या-मुंबईचे व्याही आले की आपणही छाती काढून सांगतो. पण 1907 साली 'इंडिया' म्हणून जो नकाशा होता त्यात ब्रह्मदेश होता, आजचे पाकिस्तान आणि बांगलादेश होते. आजच्या भारताचा मध्य कटनी जिल्ह्यात करौंदी गावापाशी मानतात, म्हणजे जबलपूरच्याही पलीकडे. आणि तोही कोणत्या रीतीनं काढायचा? पुठ्ठ्याचा नकाशा कापून टाचणीवर तोलायचा, की चार टोकांमधलं अंतर निम्मं करायचं? बेटं धरायची की सोडायची? प्रत्येक रीतीनं बिंदू वेगळा येतो. खोदकाम केलं तर त्या जागी माती आणि मुरूम निघेल, 'मध्य' निघणार नाही. मग मध्य ही सापडणारी वस्तू की ठरवायची?

माणसाला काय कळतं आणि ते कळलंय हे कशावरून, हा एक प्रश्न. आपल्या कळण्याबाहेर जग मुळात कसं आहे, हा दुसरा. तत्त्वज्ञानाचे जाडजूड ग्रंथ बहुतेक या दोन प्रश्नांभोवती फिरतात. मी वाणिज्य शाखेचा माणूस, आयुष्य बँकेत गेलं. हे वाचायला लागलो ते उतारवयात आणि सटरफटर. वाचताना दर वेळी दोरीचा साप भेटतो. अंधारात दोरी पाहिली, साप वाटला, दिवा आणला, दोरी निघाली. ते उदाहरण मी इथे घेत नाही. दोन हजार वर्षं त्या दोरीला कोणी उचलून कोनाड्यात ठेवलं नाही याचंच मला नवल वाटतं. माझ्याकडे त्याहून जवळचं एक आहे, तराजूचं.

इतवारीत आबाजींचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, किराण्याचं दुकान होतं. छताच्या हुकाला टांगलेला मोठा तराजू, लोखंडी दांडी, पितळी पारडी. सकाळी उदबत्ती आधी तुकोबांच्या तसबिरीला आणि मग तराजूला. "तुकोबाही वाणीच," असं ते प्रत्येक नव्या नोकराला ऐकवत. मग रिकामी पारडी हलकेच हलवून सोडायची. काटा डुलत डुलत मधोमध येऊन थांबला की "राम" म्हणायचं आणि पहिलं गिऱ्हाईक घ्यायचं. वजनं डाव्या पारड्यात, माल उजव्या पारड्यात. चाळीस वर्षांत हा क्रम बदलला नव्हता.

माळ्यावर एका पोत्यात शेर, अच्छेर, छटाक अशी जुनी वजनं पडलेली असत. 1958 पासून टप्प्याटप्प्यानं किलो आला आणि ती बाद झाली. शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. आजी शेवटपर्यंत किलोला 'सरकारी शेर' म्हणायची.

मी पाचवीत असताना दिवाळीच्या सुमारास तो हुक निसटला आणि तराजू खाली आदळला. दांडी वाकली. लोहारानं ती तापवून, ठोकून सरळ करून दिली. परत टांगली तर डावं पारडं जरासं वर राहू लागलं. आबाजींनी त्याच्या तळाला शिसं ओतून घेतलं. काटा मध्ये आला. 'राम' म्हणून धंदा सुरू.

त्या शिशाला पासंग म्हणतात. "तो तिच्या पासंगालाही पुरणार नाही" असं आपण बोलतो, पण पासंग हातात घेतलेला माणूस आता शोधून सापडायचा नाही. दोन पारड्यांतला फरक भरून काढायला हलक्या बाजूला जे काही लावायचं ते पासंग. खडा असेल, चिंधी असेल, शिसं असेल. तराजू खोटा आहे याची ती कबुली असते आणि तो खरा दिसावा याची सोयही तीच.

होळी तोंडावर आली होती. एक बाई दुकानात आली. कोष्ट्याच्या घरची होती, आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. आदल्या दिवशी नेलेली तुरीची डाळ पदरातून परत आणली होती.

"शेटजी, डाळ कमी भरून राह्यली."

"कमी? कशी कमी? तुमच्यासमोर तोलली ना." आबाजींनी तिथल्या तिथे पुन्हा तोलून दाखवली. डावीकडे किलोचं वजन, उजवीकडे डाळ. काटा मधोमध. "हे पाहा. तुमच्या घरच्या तराजूतच खोट असन."

"काटा मधातच हाये जी. पण पारडे पालटवून पाहा ना एकडाव."

त्या घरात व्यापाऱ्याकडून सूत आणि रेशीम वजनानं यायचं आणि विणलेलं लुगडं वजनानंच परत जायचं. मधली तूट मजुरीतून कापली जायची. तराजूच्या सगळ्या खोड्या त्या बाईला पाठ असणारच, नाहीतर चूल पेटली नसती. आबाजींना मात्र राग आला. दुकानात चार माणसं उभी होती. रागाच्या भरातच त्यांनी डाळ डावीकडे ओतली आणि किलोचं वजन उजवीकडे ठेवलं.

वजनाचं पारडं खाली गेलं.

डाळीच्या बाजूला वीस ग्रॅम टाकले तेव्हा काटा मध्ये आला. खरी तूट त्याच्या निम्मी, दहा ग्रॅमची. पालटलं की चूक दुपटीनं दिसते, हा हिशेब मला आबाजींनीच पुढे कागदावर करून दाखवला. ठोकताना दांडीची उजवी बाजू केसभर लांबली होती. रिकामी पारडी पासंगानं समान झाली, पण पासंग दांडीची लांबी बदलत नाही. माल चढला की लांब बाजूला थोड्याच मालात जड वजनं तोलली जात होती. चार महिने, प्रत्येक किलोमागे दहा ग्रॅम.

मला त्या दिवशीचं सगळ्यात जास्त आठवतं ते हे, की दुसरा तराजू कोणी आणला नाही. बाईनं घरचा आणला नव्हता, शेजारच्या दुकानातून कोणी मागवला नाही. त्याच तराजूनं त्याच तराजूविरुद्ध साक्ष दिली. नुसती बाजू बदलावी लागली.

रात्री आबाजी जेवले नाहीत. आजी म्हणाली, "अवो, दहा ग्राम! वाऱ्यानं उडते तेवढी डाळ."

"उडते ना," आबाजी म्हणाले, "पण कोणाकडून कोणाकडे?"

त्यांना झोंबली होती ती तूट नव्हे. आपण खरं तोलतोय हे त्यांना *माहीत* होतं, निदान होळीपर्यंत तरी. दिवाळीच्या आधी सरकारी ठप्पा लागला होता, रोज सकाळी काटा मध्ये येत होता, हात चाळीस वर्षांचा होता. कारणं सगळी चोख होती. आणि तरीही ते ज्ञान नव्हतं. मला यातली गोची अशी वाटते, की ज्ञान आणि पक्की समजूत आतून सारखीच लागतात. त्यांच्या चवीत फरक नसतो. ज्या शांतपणे आबाजी चाळीस वर्षं 'राम' म्हणत होते, त्याच शांतपणे ते चार महिनेही म्हणाले.

आपल्याकडे यावर मीमांसक आणि नैयायिक या तत्त्वज्ञांच्या दोन घराण्यांत मोठा वाद होऊन गेला. मीमांसक म्हणत, ज्ञान झालं की ते खरंच धरायचं. खोटेपण बाहेरून सिद्ध व्हावं लागतं. याला त्यांनी स्वतःप्रामाण्य असं नाव दिलं. नैयायिक म्हणत, तसं नाही, खरेपणही बाहेरूनच कळतं. पाणी समजून गेलात, तहान भागली, मग ते पाणी. हे परतःप्रामाण्य. वाचताना आधी मी नैयायिकांच्या बाजूनं होतो. पण दुकान चालवायचं असेल तर मीमांसकच व्हावं लागतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला पारडी पालटून दाखवत बसलात तर दुपारपर्यंत पाव किलो साखर विकली जाईल. तराजू खरा धरूनच दिवस सुरू होतो. फक्त कोणी पदरातून डाळ परत आणली तर दार लावून घ्यायचं नाही, एवढंच.

आता याच्या पुढचा, खरा खवचट प्रश्न. वस्तू प्रमाणांनी, म्हणजे जाणून घेण्याच्या साधनांनी, कळतात. मग प्रमाणं कशानं कळतात? डोळ्यांनी दिसलं म्हणून आहे म्हणता, पण डोळे भरवशाचे हे कशानं पाहिलंत? दुसऱ्या प्रमाणानं म्हणाल तर त्याला तिसरं लागेल, तिसऱ्याला चौथं, ही साखळी थांबायचीच नाही. याला अनवस्था म्हणतात. आणि प्रमाणाला प्रमाण लागत नाही म्हणाल, तर मग बाकीच्यांनाच ते का लागावं? हा पेच नागार्जुन या बौद्ध पंडितानं टाकला. तिबेटी परंपरा त्याला विदर्भातला मानते आणि रामटेकजवळ त्याच्या नावाची टेकडीही दाखवतात. आता हेही झिरो माइलसारखंच, कोणीतरी सांगितलेलं. पण आपल्या बाजूचा एक माणूस सगळ्या जगाच्या प्रमाणांना 'कशावरून?' विचारून गेला, ही समजूत खरी असावी असं मला फार वाटतं. (असं वाटणं हे प्रमाण नव्हे, ठाऊक आहे.)

या पेचाला नैयायिकांच्या न्यायसूत्रांत जे उत्तर आहे ते वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो, कारण त्यात तराजू आहे. तराजूनं सोनं तोलता तेव्हा तराजू हे प्रमाण. पण तराजूचीच शंका आली की वजन माहीत असलेलं सोनं त्यात टाकून तराजू तपासता, तेव्हा तोच तराजू प्रमेय, म्हणजे तपासायची वस्तू. एकच गोष्ट कधी मोजणारी, कधी मोजली जाणारी. सगळे तराजू एकाच वेळी शंकेत काढायची कोणावर वेळ येत नाही.

नागार्जुन यावर गप्प बसला नसता. ते सोनं माहीत असलेल्या वजनाचं हे कोणत्या तराजूवर ठरलं, असं त्यानं विचारलं असतं. आणि खरं सांगायचं तर इथे मला सूत्रकारांपेक्षा कोष्ट्याच्या घरची बाई जास्त पटते. तिला माहीत असलेलं सोनं लागलं नाही. पण तिच्या युक्तीलाही मर्यादा आहे. पारडी पालटली की दांडीची चूक पकडली जाते; किलोचं वजनच झिजून हलकं झालं असेल तर शंभरदा पालटून कळणार नाही. त्याला दुसरं वजनच हवं. म्हणजे प्रत्येक तपासणी आपल्या जातीची चूक पकडते आणि दुसऱ्या जातीच्या चुकीपुढे आंधळी असते.

झिरो माइलच्या दगडामागे जी भारताची मोजणी आहे, तिचीही हीच कथा. विल्यम लॅम्बटननं 1802 साली मद्रासला पहिली आधाररेषा मोजली ती शंभर फुटी पोलादी साखळीनं. साखळी वापरानं लांबते, उन्हानं लांबते, म्हणून त्यानं ताडून पाहायला दुसरी साखळी वेगळी जपून ठेवली होती. त्या दुसऱ्या साखळीचं काय, हे नागार्जुनाला विचारायला ठेवू. वीस वर्षं मोजत मोजत तो उत्तरेकडे सरकत आला आणि 20 जानेवारी 1823 रोजी नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. माझी मावशी हिंगणघाटची. लहानपणी मी तिच्याकडे कितीदा राहिलो असेन, कोणी कधी म्हटलं नाही की इथे एक माणूस अख्खा देश मोजता मोजता थांबला.

त्याच्यामागून त्याच्या हाताखालच्या जॉर्ज एव्हरेस्टनं काम पुढे नेलं, तेव्हा ओळंब्यानं दगा दिला. ओळंबा! गवंड्यापासून देवळाच्या शिल्प्यापर्यंत सगळ्यांचा भरवसा ज्याच्यावर, दोरीला बांधलेला तो लोखंडी लट्टू. कल्याणपूर आणि उत्तरेकडचं कलियाना या दोन ठिकाणांमधलं अंतर जमिनीवरच्या त्रिकोणांनी एक आलं आणि आकाशातल्या ताऱ्यांवरून दुसरं. फरक 5.236 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग), जमिनीवर सुमारे 160 मीटरचा. ताऱ्यांच्या वेधाला 'सरळ खाली' म्हणजे कुठे हे ठाऊक असावं लागतं आणि ते ओळंबा सांगतो. 1855 साली प्रॅट नावाच्या पाद्रीबुवांनी मांडलं, की हिमालय आपल्या वजनानं ओळंब्याला स्वतःकडे ओढतोय. गणित केलं तर ओढ 15.885 विकला यायला हवी होती, जवळपास तिप्पट. आता हिमालय असायला हवा त्याहून हलका का? डोंगरांच्या खाली हलक्या खडकाची खोल मुळं असतात, हे उत्तर त्या भांडणातून वर आलं. ओळंबा चुकला म्हणून डोंगरांच्या मुळांचा पत्ता लागला. माझ्या मते आबाजींच्या आयुष्यात त्या वीस ग्रॅमांचं स्थान साधारण तेच.

देकार्त नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञानं हा सगळा गुंता एकाच झटक्यात सोडवायचं ठरवलं होतं, 1641 साली. ज्याची म्हणून शंका घेता येईल ते सगळं बाजूला काढायचं. कोणी नावं ठेवली तेव्हा तो म्हणाला, टोपलीतली काही सफरचंदं सडलीत अशी भीती असेल तर आधी सगळी ओतायची आणि चांगली तेवढी परत भरायची. नागपुरात असता तर संत्री म्हणाला असता. कळमन्याला संत्र्यांची निवड चालते तेव्हा मी कधी कधी नुसता पाहत उभा राहतो. ढीग सगळा ओतलेला असतो, पण निवडणारा हात आणि डोळा ढिगाबाहेर असतो. देकार्तला हातही ढिगातच टाकायचा होता. शेवटी त्याच्याकडे फक्त शंका घेणारा 'मी' उरला. त्या एवढ्याशा पासंगावर त्यानं पुन्हा सगळं जग तोलून दाखवलं. मला त्याचं धाडस आवडतं, तोल पटत नाही.

आता दुसरा प्रश्न, जगाचा. माझ्या आजीचं मत यावर स्पष्ट होतं. शेर जाऊन किलो आला तेव्हा बायका तक्रार करत की महागाई झाली. आजी म्हणे, "माप बदललं, डाळ तेवढीच." आपण कोणत्याही मापानं मोजलं, मोजलंच नाही, तरी वस्तू जशी आहे तशी असते, असं मानणारे वास्तववादी म्हणवतात. आजी पक्की वास्तववादी. पण तिच्या वाक्यातल्या 'तेवढीच'वर मी अजून अडकलोय. तेवढीच म्हणजे केवढी? सांगायला तोंड उघडलं की शेर तरी म्हणावं लागतं, किलो तरी, नाहीतर ओंजळ. मापाशिवायची डाळ आहे हे आजी छातीठोकपणे सांगू शकते, पण किती आहे ते सांगू शकत नाही. कान्ट नावाचा जर्मन प्राध्यापक 1781 साली जवळपास इथेच येऊन थांबला. वस्तू आपल्याला आपल्या साच्यांतूनच दिसतात, साच्याबाहेर ती कशी, हे विचारता येतं पण सांगता येत नाही.

किलोचंच पाहा. 1889 पासून किलो म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक लहानसा ठोकळा. त्याच्या नकला देशोदेशी दिल्या. आपली 57 क्रमांकाची, दिल्लीत आहे. शंभरेक वर्षांत नकला आणि मूळ ठोकळा यांत 50 मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडल्याचं दिसलं. मिलिग्रॅमचा विसावा भाग. कोण बदललं? ठोकळा हलका झाला असं म्हणायची सोयच नव्हती, कारण किलो म्हणजेच तो. त्याचा एखादा कण झिजला तर कायद्यानं अख्खं विश्व किंचित जड व्हायचं. शेवटी 20 मे 2019 पासून ठोकळा निवृत्त झाला आणि किलो प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर, टांगला गेला. आबाजी असते तर म्हणाले असते, हुक बदलला.

दुसऱ्या दिवशी भाचीला घेऊन रामटेकला निघालो. सकाळी दहालाच रस्ता भाजत होता. कन्हान ओलांडल्यावर ती ओरडली, "मामा, पाणी!" समोर डांबरावर चकाकतं पाणी, त्यात उलटं झाड. मी जाणत्याच्या थाटात समजावलं: तापलेल्या डांबरावरची हवा पातळ होते, आकाशाचा उजेड तिथे वाकून आपल्याकडे येतो, डोळ्याला वाटतं जमिनीवर काही चमकतंय. डोळ्याचं यात चुकत नाही, फोनच्या कॅमेऱ्यातही ते उमटतं. चूक 'पाणी' म्हणणाऱ्याची. माझं बोलणं संपायच्या आत आम्ही त्या जागी पोचलो आणि चाकाखालून फर्र करून पाणी उडालं. पुढे एक टँकर गळत चालला होता.

भाचीला इतकं हसू कधीच आलं नव्हतं.

मी मात्र मनसर येईपर्यंत गप्प. आठव्या शतकात धर्मोत्तर नावाच्या बौद्ध पंडितानं अगदी हेच लिहून ठेवलंय. वाटसरूला मृगजळ दिसतं, तो पाणी समजून जातो, आणि तिथे दगडाखाली खरंच पाणी असतं. मग त्याला पाणी आहे हे *कळलं* होतं का? 1963 मध्ये एडमंड गेटिअर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं जेमतेम तीन पानांत असल्याच कोड्यांनी पाश्चात्त्य तत्त्वज्ञांची झोप उडवली. मत खरं आहे, मानायला कारणही आहे, तरी त्याला ज्ञान म्हणवत नाही, कारण खरेपणा आणि कारण यांची वाटेत कुठे गाठच पडलेली नाही. तेव्हापासून आजतागायत मंडळी त्या व्याख्येला पासंग लावतायत.

मी हे भाचीला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "पण पाणी होतं ना? मग झालं."

मी विचारलं, "आणि टँकर नसता तर?"

"तर तू बरोबर असतास." थोड्या वेळानं म्हणाली, "पण तुला तरी टँकर कुठे माहीत होता?"

रामटेकच्या पायऱ्यांवर लिंबू सरबत पिताना मी तिला आबाजींची गोष्ट सांगितली. शेवटही सांगितला, जो मी सहसा गाळतो. आबाजींनी तो तराजू लगेच मोडीत काढला नाही. दिवाळी ते होळी चार महिने झाले होते, म्हणून होळीपासून पुढचे चार महिने त्यांनी त्याच तराजूवर उलटं तोललं. वजनं उजवीकडे, माल डावीकडे. प्रत्येकाला किलोमागे दहा ग्रॅम जास्त. कोणाला काही सांगितलं नाही. ज्यांचे गेले त्यांनाच ते मिळाले असतील असं काही नाही. मधल्या काळात दोन बिऱ्हाडं वस्ती सोडून गेली होती, एक म्हातारे वारले होते. कायद्यानं तोही खोटाच तराजू आणि तोही गुन्हाच. आषाढात त्यांनी नवा घेतला, त्यावर ठप्पा मारून आणला.

"मग ते चार महिने तराजू खरा होता की खोटा?" भाचीनं विचारलं.

मला अजून सांगता येत नाही. 

जुना तराजू माझ्याकडे आहे म्हटल्यावर तिनं घरी आल्या आल्या तो माळ्यावरून काढायला लावला. झोपाळ्याच्या कडीला टांगला. डाव्या पारड्याच्या तळाला शिशाचा काळा डाग तसाच. काटा हलला, डुलला, मध्ये येऊन थांबला. पंखा बंद करून दोन आंबे तिनं समोरासमोर ठेवले, पालटले, पुन्हा पालटले. मग देवघरातल्या फुलपुडीचा दोरा आणला आणि दांडीची डावी बाजू मोजून गाठ मारली, तोच दोरा उजवीकडे धरला. दोन मिलिमीटर, ती म्हणाली. मग तिनं दोरा पुन्हा लावला, आणि या वेळी गाठ नेमकी टोकावर आली.

"मामा, हा ताणला की लांब होतो."

"मग?"

ती आतून माझ्या आईची शिवणकामाची टेप घेऊन आली. त्या टेपचा पहिला इंच केव्हाच झिजून गेलाय, हे मी तिला सांगितलं नाही.